दोन वर्षं पडून राहिलेला नांगर

हे प्रकरण १९०३ ते १९१० या काळातलं आहे. बेळगावातल्या एका घरगुती कारखान्यानं लोखंडी नांगर बनवला आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. कारखान्याचे संस्थापक लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचं नाव सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ते तसंच ठेवलं आहे. व्यवहारातल्या इतर बहुतेकांची नावं गाळली आहेत.

लोखंडानं जमिनीत विष भिनतं असा शेतकऱ्यांचा समज होता, एवढ्यावरच ही गोष्ट बहुधा संपते. तो समज होता हे खरं. पण नुसता समज असता तर एका हंगामात शेजाऱ्याचं पीक बघून तो विरला असता. नांगर खरा अडला होता बैल, रोकड आणि मोडतोड या तीन गोष्टींवर, आणि त्या तिन्ही कारखान्याच्या भिंतीबाहेरच्या होत्या.

## पार्श्वभूमी

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं लक्ष मात्र चित्रांत आणि यंत्रांत. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथं त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत असं लक्षात आलं आणि चित्रकार होण्याचा विचार सुटला. यांत्रिक रेखाटनाला रंग लागत नाहीत. ते शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले.

हे रेखाटनाचं शिक्षण पुढच्या सगळ्या प्रकरणाचा पाया आहे. गावोगावचे मिस्त्री हुशार होते, पण त्यांचं माप हातात आणि नजरेत असे. लक्ष्मणरावांचं माप कागदावर होतं.

नोकरी चालू असतानाच, १८८८ मध्ये, थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा विकायचे. एका सायकलीची किंमत ७०० ते १,००० रुपये होती आणि चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे. ज्याला बसता येत नाही तो सायकल घेणार नाही, म्हणून शिकवणी हा विक्रीचाच भाग होता. नांगराच्या वेळी ही शिकवणी कोणत्या रूपात द्यायची, हा प्रश्न पुढे उभा राहिला.

काही वर्षांनी हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. हा पहिला निर्णय. तो रागाच्या भरातला वाटतो, पण मागे भावानं चालवलेलं, गिऱ्हाईक असलेलं दुकान होतं. स्पष्ट बोलून उठून जायला पायाखाली जमीन लागते आणि ती त्यांनी आधीच करून ठेवली होती.

बेळगावात पहिलं खपलेलं शेतीचं यंत्र म्हणजे कडबा कापण्याचं, ज्याला आपण कडबाकुट्टी म्हणतो. जड चाकाला पाती, मागून कडबा आत ओढणारी रुळांची जोडी, बाजूला हात फिरवायची मूठ. अख्खा कडबा टाकला तर जनावर पानं आणि शेंडा खातं, जाड बुडखा तुडवून वाया घालवतं. बारीक कुट्टी केली की बुडख्यासकट सगळं पोटात जातं. शिवाय यंत्र आणलं त्याच संध्याकाळी गव्हाण रिकामी झालेली दिसते. मालकाला पिकाची वाट पाहावी लागत नाही.

## अडचण

नांगराचं तसं नव्हतं. त्याचा गुण कळायला पाऊस पडून पीक उभं राहावं लागतं, म्हणजे किमान सहा महिने.

देशी लाकडी नांगर बाभळीचा. खोड, इसाड (बैलांना जोडणारा लांब दांडा), रुमणं (हातात धरायची मूठ) आणि टोकाला लोखंडी फाळ. तो जमीन चिरतो, उलटवत नाही. दोन तासांच्या, म्हणजे नांगरानं पाडलेल्या चरांच्या, मधे न फाटलेला कंगोरा राहतो, म्हणून आडवी-उभी नांगरट करावी लागते. हरळी आणि कुंदा या तणांच्या मुळ्या खालीच राहतात. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पंखा असतो. तो तासाची माती उचलून पालथी घालतो, मुळ्या वर येतात आणि उन्हात वाळतात. काळ्या रानात आणि उसाच्या जमिनीत हा फरक मोठा आहे.

मग घेत का नव्हते? बैलांपासून सुरुवात करू.

नांगराला लागणारी ओढ ढोबळमानानं तासाच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. १५ सेंमी रुंद आणि १५ सेंमी खोल तास म्हणजे २२५ चौरस सेंमी. हलक्या रानात दर चौरस सेंमीला साधारण ०.३ किलो ओढ धरली तर ६८ किलो होते. भारी काळ्या रानात ती ०.७ पर्यंत जाते, म्हणजे जवळजवळ १५८ किलो. बैल दिवसभर टिकून ओढतो ते आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं. ३५० ते ४०० किलोच्या दोन बैलांची जोडी ७० ते ८० किलो ओढेल. म्हणून हलक्या रानात एक जोडी कशीबशी पुरते, भारी रानात दोन लागतात, आणि उन्हाळ्यात तापून कडक झालेल्या जमिनीत खोल जायचं तर तीन-चार जोड्या.

आता त्या वेळचं दख्खन डोळ्यांसमोर आणा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ लागोपाठ होऊन गेले होते. चाऱ्यावाचून जनावरं मेली होती, विकली गेली होती. ज्याच्या दावणीला एक जोडी उरली आहे त्याच्यापुढे आणखी दोन जोड्या मागणारं अवजार ठेवलं, तर तो नाही म्हणणारच. हे अज्ञान नाही, दावणीकडे बघून केलेला हिशोब आहे.

रोकडीचा प्रश्नही असाच. लाकडी नांगर गावचा सुतार करून देत असे आणि फाळ लोहार शेवटत, म्हणजे ठोकून टोकदार करत असे; मोबदला सुगीला धान्यात, बलुत्यानं. लोखंडी नांगराला एकरकमी पैसे मोजावे लागत, तेही पेरणीच्या आधी, हात सर्वांत रिकामा असताना.

राहिली मोडतोड, आणि आमच्या मते हीच सर्वांत जड बाजू. देशी नांगराचा फाळ घडीव लोखंडाचा असतो. बोथट झाला की लोहार तापवून, ठोकून त्याला पुन्हा टोक काढतो. ओतीव लोखंड, म्हणजे बीड, ठोकता येत नाही. घण घातला की तुकडे पडतात. बिडाचा फाळ झिजला किंवा दगडावर फुटला तर गावात कोणीही काही करू शकत नाही. ऐन नांगरटीत बैल बांधून ठेवायचे आणि फाळासाठी बेळगाव गाठायचं, ही भीती खरी होती.

झिजलेल्या फाळानं नेमकं काय बिघडतं हेही पाहू. नव्या फाळाचं टोक नांगराच्या तळापेक्षा ३ ते ५ मिलिमीटर खाली झुकलेलं असतं आणि न नांगरलेल्या बाजूलाही थोडं वळलेलं असतं. या झुकावामुळे नांगर स्वतःहून जमिनीत शिरतो. टोक झिजून तो झुकाव गेला की नांगर वर निघू लागतो. नांगऱ्या रुमण्यावर भार देतो, तळ जमिनीला घासतो, ओढ वाढते, बैल थांबतात. अशा वेळी शेतकरी म्हणतो की नांगर जड आहे. वजन तेवढंच असतं. फक्त टोक गेलेलं असतं. तक्रारीचा शब्द आणि तक्रारीचं कारण यांतलं हे अंतर न ओळखणारा कारखानदार नांगराचं वजन कमी करायला जातो, आणि मग तो वाकतो.

## समोरचे रस्ते

न खपलेले नांगर अंगणात उभे असताना चार रस्ते मोकळे होते.

सायकली आणि परदेशी माल विकत राहणं. त्यात भांडवल फिरतं राहिलं असतं, पण कारखान्याचं कारणच उरलं नसतं.

फक्त कडबाकुट्टीवर भर देणं. हा सर्वांत शहाणा वाटणारा पर्याय होता. पण कुट्टीयंत्र एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालतं, आणि पंचक्रोशीत ते घेणारी घरं मोजकी असतात.

नांगर स्वस्त आणि हलका करणं. यातली मेख वर आलीच आहे.

नांगर तोच ठेवून फाळ सुधारणं, सुटे भाग हाताशी ठेवणं, आणि विकत घेण्याआधी रानात चालवून दाखवणं. याला वेळ लागतो आणि तोवर दुसरं काहीतरी विकून कामगारांचा पगार द्यावा लागतो.

लक्ष्मणराव चौथ्या रस्त्यावर टिकले ते कडबाकुट्टीच्या आधारानं. या निर्णयाचं कौतुक करताना हा आधार विसरला जातो. नांगराची दोन वर्षं कुट्टीयंत्रानं पोसली.

## फाळ कठीण कसा होतो

इथं थोडं थांबू, कारण नांगराचा धंदा फाळावरच चालतो.

बीड वाळूच्या साच्यात सावकाश थंड झालं तर त्यातला कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांत वेगळा होतो. असं करडं बीड मऊ असतं. त्याला भोक पाडता येतं, पण ते मातीत भराभर झिजतं. तेच बीड साच्यात बसवलेल्या लोखंडी ठोकळ्याला टेकून पटकन गार झालं तर कार्बनला वेगळं व्हायला वेळ मिळत नाही आणि पांढरं बीड बनतं. ते फार कठीण आणि तितकंच ठिसूळ. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये यातूनच फाळाची युक्ती काढली: खालचा पृष्ठभाग पांढरा, वरचा करडा. वरची बाजू लवकर झिजते, खालची टिकते, आणि चालता चालता फाळाला आपोआप धार राहते.

करताना चुका ठरलेल्या असतात. ठोकळा थंड आणि ओलसर असेल तर ओततानाच वाफ होऊन रस उडतो, आणि फाळात पोकळ्या राहतात. म्हणून ठोकळा कोमट करून, कोरडा करून बसवतात. ठोकळा फार मोठा घेतला तर कठीणपणा आरपार जातो आणि फाळ पहिल्या दगडावर फुटतो. लहान घेतला तर कठीण थर पातळ राहून एका हंगामात संपतो. प्रत्येक भट्टीतला एक फाळ मुद्दाम फोडून पांढरा थर किती खोल गेला ते पाहणं, याला पर्याय नाही. एक फाळ वाया जातो, पण शंभर परत येत नाहीत.

दुसरी अडचण मापाची. करडं बीड गार होताना फुटाला सुमारे १/८ इंच आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा उमटवतात तो नमुना, तेवढा मोठा करावा लागतो. आयात नांगराचा भाग थेट वाळूत दाबून नक्कल काढणारी ओतशाळा इथंच फसते: तिचा दोन फुटी पंखा पाव इंच आखूड निघतो आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत. मग कारागीर कानशीनं घासून एकेक नांगर जुळवतो. असा नांगर चालतो, पण वर्षानं पाठवलेला नवा फाळ त्याला बसत नाही. इथं लक्ष्मणरावांचं रेखाटन कामाला आलं. भाग कागदावर काढायचा, आकसणं धरून पॅटर्न करायचा, आणि भोकांची जागा पक्क्या मापानं पाडायची. सुटा फाळ बसला पाहिजे ही अट कागदापासून सुरू होते.

लोहार नसलेल्या गावातही फाळ बदलता यावा म्हणून तो बोल्टनं बसणारा हवा. शेतकऱ्याला एक पाना आणि दोन जास्तीचे फाळ नांगराबरोबरच मिळाले तर मोडतोडीची भीती निम्मी सरते. सायकलीबरोबरच्या १५ रुपयांच्या शिकवणीची जागा नांगराच्या बाबतीत या जोडफाळानं घेतली, असं म्हणता येईल.

## दुसरा पेच: जागा

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागलं होतं तेव्हा बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली. गावाच्या विस्तारासाठी ती हवी होती. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या मुलखात जागा देऊ केली, आणि १०,००० रुपयांचं कर्जही. कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकरांचा माळ: खडक, निवडुंग आणि साप. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन. आज ही जागा सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येते.

ओतशाळेला कच्चं लोखंड आणि कोळसा बाहेरून आणावा लागतो आणि तयार माल जड असतो. बैलगाडीनं दहा कोस नेलेला नांगर किमतीत हरतो. दाराशी रेल्वे हवीच होती आणि पुणे-मिरज मार्ग दाराशी होता. तो मीटरगेज होता, त्यामुळे पुण्यापलीकडून येणारा माल गाडी बदलूनच यायचा. तरीही गाडीवाटेपेक्षा कितीतरी बरा. रेल्वे जवळ, पण माळ कोरडा. जागा निवडताना रेल्वेला पाण्याआधी स्थान मिळालं. आमच्या मते हे बरोबर होतं, कारण विहीर आणि नळ नंतर करता येतात, रेल्वेमार्ग आणता येत नाही. पण त्याची किंमत कामगारांच्या बायकांनी घागरींनी मोजली, हेही नोंदवायला हवं.

ओतशाळा हलवणं म्हणजे सामान हलवणं नव्हे. भट्टी विटांपासून पुन्हा रचावी लागते, नव्या जागेची वाळू तपासावी लागते. वाळूत मातीचा अंश जास्त असेल तर वाफ बाहेर पडत नाही आणि ओतकामात भोकं पडतात. सगळ्यात जपायचे लाकडी पॅटर्न. ते भिजले की फुगतात, आणि वर सांगितलेलं माप मातीला मिळतं. मार्चमधलं स्थलांतर पावसाआधी तीन महिने देतं. मात्र उन्हाळी नांगरटीचा, म्हणजे नांगर खपण्याचा, नेमका तोच हंगाम त्यात जातो.

वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांकडे, कारखाना लक्ष्मणरावांकडे. ही वाटणी सायकलच्या दुकानापासूनची होती आणि दोघांनी ती ओलांडली नाही. माणसं घेतानाही लक्ष्मणराव सरळ असत: शिक्षा भोगून आलेल्यांना त्यांनी पहारेकरी नेमलं, आणि वाडीत अस्पृश्यता पाळायला बंदी केली.

## निष्पत्ती

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येणं आटलं आणि इथं बनलेल्या लोखंडी नांगराला मागणी वाढली. कच्चं लोखंड आणि कोळसा यांचीही तेव्हाच टंचाई झाली, म्हणजे संधी आणि अडचण एकाच आगबोटीच्या न येण्यातून आली. ज्याच्याकडे युद्धाआधीच चालणारा फाळ होता तोच या मागणीला पुरा पडू शकला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याचा माल आणि शेतकरी यांच्यात बोलणं सुरू ठेवायचं हे साधन. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत अभियांत्रिकी शिकून १९२६ मध्ये परतले, आणि त्याच सुमारास वाडीत पंप तयार होऊ लागले. पंपाचं कवच ओतायला लागणारी भट्टी, वाळू आणि पॅटर्नकार नांगरानं आधीच घडवून ठेवले होते. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. कुंडल रोड स्थानकाचं नाव किर्लोस्करवाडी झालं.

## वेगळं काय करता आलं असतं

आज कोणी नवं अवजार गावात नेत असेल तर या प्रकरणातून घेण्यासारखं बरंच आहे, आणि टाळण्यासारखंही.

प्रात्यक्षिक शेतकऱ्याच्याच रानात, त्याच्याच बैलांनी आणि कडक उन्हाळ्यात करावं. पाणी दिलेल्या मऊ वाफ्यात कोणताही नांगर चालतो. तिथं बघून घेतलेला नांगर मे महिन्यात परत येतो.

मोठ्या नांगराबरोबर एका जोडीचं लहान माप पहिल्या दिवसापासून हवं. दावणीत जेवढे बैल आहेत तिथून सुरुवात, मग खोली. तीन-चार शेतकऱ्यांनी जोड्या एकत्र करून एक मोठा नांगर सामाईक घ्यायचा, अशी विक्रीही आखता येते. आपल्याकडे सावड, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या रानात राबण्याची रीत, होतीच; नांगराची किंमत त्या सावडीत वाटून द्यायला हवी होती.

गावच्या लोहाराला बाजूला सारण्याऐवजी फाळ त्याच्याच दुकानात ठेवावेत आणि प्रत्येक फाळामागे त्याला काही द्यावं. नव्या नांगरानं ज्याचं बलुतं बुडतं तो नांगराबद्दल चांगलं कशाला बोलेल? लोखंडानं जमीन नासते ही समजूत टिकण्यात कोणाचं पोट अवलंबून होतं, हे विचारल्याशिवाय तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

भट्टी बांधण्याआधी जागेचा लेखी करार किमान पंधरा-वीस वर्षांचा हवा, किंवा जागा स्वतःची. बेळगावहून उठावं लागलं त्यातून वाडी उभी राहिली म्हणून तो धक्का आज सुदैवी वाटतो. पंतप्रतिनिधींचं निमंत्रण आलं नसतं तर तोच धक्का शेवटचा ठरला असता, आणि असं निमंत्रण प्रत्येकाला येत नाही.

आणि पॅटर्न. नवं माप काढलं की जुना पॅटर्न जळणात टाकायची ओतशाळांची सवय असते. जुन्या गिऱ्हाईकाचा नांगर तेव्हाच निकामी होतो. प्रत्येक पॅटर्नवर आकडा आणि साल कोरावं, कागदावरचं माप बदललं तर त्यावर तारीख घालावी, आणि जोवर त्या मापाचा एकही नांगर रानात फिरतो आहे तोवर दोन्ही कोरड्या खोलीत जपून ठेवावेत.